गावच्या कमानीवर एकाच जवानाचं नाव टाकावं, का सगळ्यायचं?

दारव्हा_तालुका

नमस्कार मंडळी. गावचं नाव लिहीत नाही, दारव्हा तालुक्यातलं आहे एवढं पुरे. फाट्यावर कमान बांधाचं ठरलं आहे, पैसे मंजूर झाले, गिट्टी-रेती बी येऊन पडली, आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एकच विषय उरला आहे की नाव कोनाचं टाकाचं. सरपंच अन तरुण मंडळाचं म्हननं आहे की जो जवान काश्मीरात अतिरेक्यायसोबतच्या चकमकीत गेला, ज्याले मरणोत्तर सेना मेडल भेटलं, त्याचंच नाव टाका. त्याच्याबद्दल गावात कोनाचंच दुमत नाही, माहं बी नाही. तो माह्या भावाच्या वर्गातला. नाल्याच्या डोहात मले पोहाले त्यानंच शिकवलं, पाठीवर बसवून. त्याची बॉडी आली तेव्हा आजूबाजूच्या गावचे लोकं पऱ्हाटीच्या वावरातून चालत आलते, मी दहावीत होतो, अन त्या दिवशी मी पहिल्यांदा माह्या बापाले रडताना पाह्यलं.

पन आमच्या गावातून फौजेत गेलेले एकून एकोणीस जन आहेत, मी बसून मोजले. त्यातला एक माहा मोठा काका. तो एएससीत, म्हंजे फौजेले रसद पुरवनाऱ्या तुकडीत, डायवर होता. लेहच्या रस्त्यानं रसद नेताना गाडी दरीत गेली, बॉडी सापडाले सहा दिवस लागले. चकमक नव्हती, समोर दुश्मन नव्हता, म्हनून मेडल नाही. शाळेतल्या फोटोत तो नाही, १५ ऑगस्टच्या भाषनात नाही. माही काकू दरवर्षी झेंड्याले जाते अन मागच्या लाइनीत उभी राह्यते. दुसरा एक आहे, सुरुंगावर त्याचा पाय गेला, आता पीठगिरनी चालवते, नकली पायावर दिवसभर उभा असते. बाकीचे सतरा-सतरा वीस-वीस वर्षं नोकरी करून घरी आले, वावर पाहून राहिले, त्यायले तर कोनी फौजी म्हनून ओळखत बी नाही आता.

मागच्या ग्रामसभेत मी म्हटलं सगळ्यायचे नावं टाकू. सरपंच म्हने, सगळ्यायचे टाकले त कोनाचंच राह्यत नाही, यादी कोनी वाचत नसते. खरं सांगतो, मले उत्तर सुचलं नाही. अन मागून एक जन बोलला की गाडी पलटी झाल्यावर कोनी हिरो होते का. काकू तिथंच बसून होती. ते वाक्य मले रात्री झोपू देत नाही.

म्हनून विचारून राहिलो. एका सैनिकाले वीर म्हनून वर उचलनं बरोबर आहे का? का त्यानं बाकीच्यायवर अन्याय होते? फौजेतले असान, घरचे असान, त्यायनं जरूर लिहा.


माजी_हवालदार_अकोट

जय हिंद भाऊ. मी तोफखान्यातला, नाशिक रोडले ट्रेनिंग झालं, कारगिलच्या टायमाले द्रासमधी बोफोर्सवर होतो. तुमचा प्रश्न मी वीस वर्षं झाले डोक्यात घेऊन फिरून राहिलो, त्यामुळं जरा जास्त लिहीन.

त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखाच्या आसपास गोळे अन रॉकेट फेकले. एका तोफेवर आमी सात-आठ जन. एक गोळा उचलते, एक चार्ज भरते, एक नेम लावते, अन वर डोंगरात पायदळासोबत आमचा ओपी अधिकारी, म्हंजे नजर ठेवनारा, बसून राह्यते, तो वायरलेसवर सांगते कुठं पाडाचा. आता समोरचा बंकर उडला त कोनी उडवला सांगा? कोनाचं नाव लिहान? आमच्या तोफेवरचा एकही जन तुमाले माहीत नसन, अन त्याचं मले दुःख नाही. २०२२ मधी द्रासच्या पॉईंट ५१४० ले 'गन हिल' असं नाव देलं. कोन्या एका माणसाचं नाही, तोफायचं. ते आयकलं त्या दिवशी मी घरी कोनाले न सांगता वावरात जाऊन बसलो होतो.

पन दुसरी बाजू बी मीच सांगतो. कारगिलच्याच लढाईत टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्स पलटनीचा योगेंद्रसिंग यादव होता, वय १९ वर्षं. उभ्या कड्यावर दोरानं चढला, अंगात गोळ्या घेऊन बंकर घेतला. त्याले परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हनून जाहीर झालं, मंग समजलं की पोरगा दवाखान्यात जित्ता आहे. त्याच्यासोबत वर पोचलेले तिथंच पडले. आता तुमीच इचार करा, हा बी वाचला नसता त वर काय झालं ते सांगाले कोन होतं? मेडलचं काम कसं असते ते गावात लोकायले माहीत नाही. युनिटातून लिहून जाते, कोनी पाह्यलं ते विचारतात, मंग कागद एकेक पायरी वर चढते, कुठं कापल्या जाते, कुठं अडते. ज्याले पाहनारं कोनी उरलंच नाही त्याचं काम कागदावर येनार कसं? म्हनून मेडलवाला मोठाच आहे, त्याच्यात काही शंका नाही, पन बिनमेडलवाला लहान आहे असं त्या मेडलवाल्याले बी वाटत नसते. विचारून पाहा कोनालेही.

अन तुमच्या काकाबद्दल. द्रासमधी तो रस्ता वर बसलेल्या दुश्मनाच्या नजरेखाली होता. रातच्या टायमाले लाइट बंद करून गाड्या चालत, एका बाजूनं दरी, वरून गोळे. त्या डायवर लोकायनं गोळे आनले नसते त आमची बोफोर्स म्हंजे नुसतं लोखंड. तुमचे काका त्या साली नसतील, पन रस्ता तोच, दरी तीच. गाडी पलटी झाल्यावर कोनी हिरो होते का म्हननाऱ्याले माह्याकडं अकोटले पाठवा, मी त्याले चहा पाजतो अन समजावून सांगतो.


भरतीची_तयारी_पुसद

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी पहाटे साडेचारला उठून १६०० मीटर मारतो, आमच्या ग्राऊंडवर बारा पोरं आहेत, सगळे कास्तकाराचे, कोनाकडे दोन एकर कोनाकडे तेही नाही. ग्राऊंडच्या बाजूच्या भिंतीवर आम्ही अब्दुल हमीदचा फोटो लावलेला आहे. १९६५ ला खेमकरणजवळ असल उत्तरला त्याने जीपवरच्या रिकॉइललेस गनने (रणगाडे फोडायची तोफ) पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले आणि त्यातच गेला. घरात शिवणकामाचा धंदा. हुद्दा काय तर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे मुख्य काम सामानसुमान सांभाळायचं, हे मला समजलं त्या दिवशी मी तिसरा राऊंड न थांबता मारला. पाय दुखतात तेव्हा एक चेहरा लागतो भाऊ, एकोणीस नावांची यादी पाहून कोनी उठत नाही. कमानीवर एकच नाव टाका, मोठ्या अक्षरात, आणि खाली लिहा त्याने काय केलं. बाकीच्यांसाठी शाळेत फलक लावा.


कुरखेडा_गडचिरोली

मी गडचिरोलीचा जी, आमच्याकडची गोष्ट सांगतो. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. जांभुरखेड्याजवळ नक्षल्यांनी भूसुरुंगाचा स्फोट केला, पंधरा पोलीस जवान गेले. आवाज आमच्या घरापर्यंत आला होता, आम्हाला वाटलं वीज पडली. पण त्या गाडीत सोळावा माणूस पण होता. गाडी खाजगी होती आणि चालवणारा साधा ड्रायव्हर, वर्दी नाही, बंदूक नाही, भाड्याने गाडी घेऊन गेलेला. आजही आमच्या इकडे बोलता बोलता पंधरा जवान असंच तोंडात येते. माझ्याही तोंडात येते आणि मग मी थांबून सोळा म्हणतो.

म्हणून तुमच्या काकाचं वाचून मला लिहावंसं वाटलं. आमच्याकडे सी-६० मधले, म्हणजे नक्षल्यांशी लढणाऱ्या पोलीस तुकडीतले, पोरं इथलेच असतात, गोंड, माडिया, याच जंगलातले, कोणाचा मामाभाऊ पोलिसात तर कोणाचा दूरचा नातेवाईक तिकडे दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या टोळीत, गेलेला. इथे वीर म्हणताना आवाज आपोआप खाली येतो जी. जवानाचा मान कमी आहे म्हणून नाही, गावात ऐकणारे दोन्हीकडचे असतात म्हणून. तुम्ही नाव टाका पण ढोल वाजवून टाकू नका एवढंच माझं सांगणं आहे.


एक_वीरपत्नी

जिल्हा सांगत नाही. ज्यांना तुम्ही मंचावर बसवता ना, शाल-नारळ देऊन, त्यातली मी एक आहे.

माझे मिस्टर गेले तेव्हा मी तेवीस वर्षाची, मुलगा आठ महिन्याचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यातले एकत्र राहिलो ते सुट्टीचे दिवस मोजले तर पाच महिने भरत नाहीत. आता चौकात त्यांचा पुतळा आहे. पुतळा चांगला आहे, मिशी दाखवली आहे, त्यांना मिशी नव्हती. मी सांगितलं होतं बनवताना, तर म्हणाले ताई मिशीशिवाय जवान वाटत नाही. मी काही बोलले नाही पण माझा मुलगा त्या मिशीवाल्यालाच बाबा समजून मोठा झाला आणि घरातला फोटो दाखवला की म्हणायचा हे कोण आहेत.

वीर झाले की मग ते माझे राहत नाहीत, गावाचे होतात. ते सापाला घाबरायचे, वावरात पुढे मला चालायला लावायचे. सुट्टी संपत आली की दोन दिवस जेवायचे नाहीत. भरीत-भाकर पोटभर खाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे, एकदा म्हणाले मला परत जायचंच नाही. आणि तरी गेले. हे मी मंचावर कसं सांगू? वीर घाबरत नाही म्हणतात. मला तर वाटते जो घाबरत होता आणि तरी गेला तोच मोठा, पण ऐकून घ्यायला कोणी तयार नसते, त्यांना पंधरा मिनिटात भाषण संपवायचं असते.

बायकोचंही तसंच. वीरपत्नीने रडायचं नाही, चिडायचं नाही, रंगीत साडी नेसली तरी बघतात. पेन्शनच्या एका दुरुस्तीसाठी मी एका कार्यालयात चौदा चकरा मारल्या, नाव घेत नाही, तिथे मला कोणी वीरपत्नी म्हटलं नाही, ओ बाई तिकडे बसा असंच म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल की मग नाव नको का? तर हवं आहे. मला हवं आहे. चौकातून माझा मुलगा शाळेत जातो तेव्हा बापाच्या नावाखालून जातो, ते माझ्यासाठी लाखमोलाचं आहे, कोणी काढायला आलं तर मी आडवी पडेन. म्हणून त्या सेना मेडलवाल्या जवानाचं नाव लहान करू नका, त्याची आई असेल, बायको असेल. पण तुमची काकू मागच्या लाइनीत उभी राहते हे वाचून मला दोन वेळा मोबाइल खाली ठेवावा लागला. या १५ ऑगस्टला तिला कोणी पुढे बसवा, त्याला कमानीची गरज नाही, ग्रामसभेची पण नाही.


मास्तर_भंडारा

ताई, तुमचं वाचल्यावर लिहायला संकोच वाटतोय, तरी माझं मत मांडतो कारण दारव्ह्याच्या भावाने मनापासून विचारलं आहे.

मी एका व्यक्तीला वीर करण्याच्या विरोधात आहे आणि त्याचं कारण बाकीच्यांवर अन्याय होतो एवढंच नाही. वीर म्हटलं की प्रश्न विचारणं बंद होतं. रेझांग ला घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, चीनसोबतची लढाई, लडाखात चुशूलजवळ, १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, एकशे वीस माणसं, त्यातले ११४ गेले. मेजर शैतानसिंगांना परमवीर चक्र मिळालं आणि ते योग्यच होतं. काही महिन्यांनी बर्फ वितळल्यावर मृतदेह सापडले तेव्हा जवान खंदकात हत्यार हातात धरूनच गोठलेले होते. जे थोडे वाचून आले त्यांनी सांगितलेलं आधी लोकांना खरं वाटत नव्हतं. पण आम्ही पोरांना सांगताना इथेच थांबतो. त्यांच्याकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, त्या उंचीवरच्या थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, मध्ये डोंगर असल्यामुळे आपल्या तोफांची मदत मिळू शकत नव्हती, हे सांगत नाही. त्यांना तसं पाठवलं कोणी, हा प्रश्न शौर्याच्या गोष्टीखाली दबून जातो. पुसदच्या पोराला मी एवढंच म्हणेन, बाळा धाव, जरूर धाव, पण भिंतीवर फोटो लावतोस तर ही दुसरी गोष्टही लाव.

बाकी नाव एकाचं की सगळ्यांचं, या भांडणात देशाने स्वतःच दोन्ही केलं आहे. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली झालं, तिथे भिंतींच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांवर नावं कोरली आहेत, प्रत्येक दगडावर एक, हुद्दा आणि पलटणीसकट. आणि बाजूलाच परमवीर चक्रवाल्या २१ जणांचे अर्धपुतळे. मी सहलीला पोरं घेऊन गेलो होतो. पुतळ्यांजवळ फोटो काढले सगळ्यांनी, पण भिंतीजवळ एक म्हातारी बाई एका दगडाला हात लावून उभी होती, आम्ही पूर्ण चक्कर मारून आलो तरी तिथेच.


माजी_हवालदार_अकोट

मास्तर, तुमचं कपडे-रायफलीचं खरं आहे अन ते सांगाच, आमालेही बरं वाटते कोनी सांगतलं त. पन विरोधात आहो म्हनू नका. त्या ११४ जनायले विचारलं असतं की साहेबाले परमवीर द्याचं का, त एकही नाही म्हटला नसता. फौजेत आपल्या साहेबाचं मेडल म्हंजे अख्ख्या कंपनीचं मेडल. कंपनीतला एक बोलला की 'आपल्याले भेटलं' असंच बोलते. गावाले ते समजलं पाहिजे, नाव काढून टाकून नाही समजत.


उमरेडकर

सरपंचांनी म्हटलं ना यादी कोणी वाचत नसते, त्यांना एकदा १ जानेवारीला भीमा कोरेगावला घेऊन जा. त्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत, बहुतेक साधे शिपाई. त्यात शेवटी 'नाक' लागलेली २२ नावं आमच्या लोकांची आहेत. शंभराच्या वर वर्षं ती नावं नुसती तिथे होती, मग १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, आणि आज माझ्या आजीसारखी माणसं उमरेडवरून एवढ्या लांब जातात ते ती नावं पाहायला. आजीला वाचता येत नाही, मी वाचून दाखवतो आणि ती प्रत्येक नावाला हात जोडते. दोनशे वर्षांनी. यादी वाचली जाते साहेब, ज्याचं कोणी असते तो वाचतो.


दारव्हा_तालुका

सगळ्यायचे मनापासून आभार. दोन-तीन वेळा वाचलं, मंग काल काकूले बी वाचून दाखवलं, वीरपत्नी ताईचं अन हवालदार काकाचं तर पुन्हा वाचाले लावलं तिनं.

काल संध्याकाळी मी तीन घरी जाऊन आलो. पहिले मेडलवाल्या दादाच्या आईकडं. मी काही समजावाले जात नव्हतो, नुसतं सांगाले गेलतो की माह्या मनात असं असं आहे. ती म्हने नाव त्याचं वरच राहू दे बाप्पा, मले ते पाहिजे, पन शाळेच्या फोटोखाली त्याचं नाव बीस वर्षं झाले चुकीचं लिहून आहे, काना राहिला, तेवढं कमानीवर बरोबर लिहा. मी त्या फोटोखालून हजार वेळा गेलो असन, माह्या ध्यानातच आलं नाही कधी.

पीठगिरनीवाला भाऊ मात्र नाही म्हने. जित्त्या माणसाचं नाव दगडावर कोरत नसतात, बायको भेते. लय समजावलं, आयकत नाही. म्हने तुले कराचंच असन त गिरनीपर्यंतचा रस्ता नीट कर, पावसाळ्यात पाय फसते. ते मी ग्रामसभेत मांडनार आहो, कमानीच्या आधी.

म्हनून आता माहं असं ठरलं आहे की वर दादाचं नाव मोठ्या अक्षरात, त्यानं काय केलं ते एका ओळीत, अन दोन खांबायवर जे जे वारले त्यायचे नावं, नोकरीत वारले असो का घरी येऊन, पलटन अन काम लिहून. जित्त्यायपैकी ज्याची हरकत नाही त्याचं शाळेच्या फलकावर. सरपंच ऐकते का नाही माहीत नाही, पन तरुण मंडळातले चार पोट्टे माह्या बाजूनं आले, त्यातले दोन भरतीची तयारी करून राहिले.

एक काम आहे हवालदार काका तुमच्याकडं. दगडवाला अक्षराप्रमाणे पैसे घेते, म्हनून मजकूर पक्का करून पाहिजे. काकूनं पेटीतून कागद काढले, नंबर तर तिले तोंडपाठ आहे, कागद पाहाची गरज पडली नाही. त्यात हुद्दा शिपाई अन पुढं एमटी (मोटर ट्रान्सपोर्ट) डायवर असं आहे. मी म्हटलं चांगल्या मराठीत 'वाहनचालक' लिहू. काकू म्हने डायवरच लिहा, तो सोताले डायवरच म्हने. पन फौजेच्या हिशोबानं चालन का तसं? शिपाई आधी का डायवर आधी, अन पलटनीचं नाव खाली का बाजूले, तेवढं सांगा, बुधवारी दगडवाला येऊन राहिला.